निवारा आणि आधार : दिव्यांगांच्या भाडेकराराचे स्वरूप

बीड शहराहून मांजरसुंब्याच्या दिशेने जाणाऱ्या महामार्गावर, बिंदुसरा तलावाच्या परिसरात पाली हे गाव आहे. या गावात दत्ता व संध्या बारगजे या दांपत्याने उभारलेली ‘इन्फंट इंडिया’ ही संस्था एच.आय.व्ही.सह जगणाऱ्या मुलांचा सांभाळ करते. अशा कोणत्याही संस्थेत वाढणारे मूल एक दिवस १८ वर्षांचे होते. बालक म्हणून मिळणारे छत्र त्या दिवशी कायद्याच्या दृष्टीने संपते. बाल न्याय अधिनियम, २०१५ मध्ये संस्थेबाहेर पडणाऱ्या तरुणांसाठी अनुरक्षणाची तरतूद आहे. परंतु त्या काळानंतर कोठे राहावयाचे आणि कोणत्या हक्काने राहावयाचे, हा प्रश्न शिल्लक राहतोच.

एच.आय.व्ही.ची लागण ही कायद्याने मान्य केलेल्या दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत मोडत नाही. तथापि घर भाड्याने घेताना येणारी अडचण दोन्हीकडे एकाच स्वरूपाची आहे. एच.आय.व्ही. व एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, २०१७ हा १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला. लागण असल्याच्या कारणाने घर भाड्याने नाकारणे किंवा राहत्या घरातून काढणे हा त्यानुसार भेदभाव ठरतो. न्यायालयाचा तसा आदेश असल्याखेरीज कोणासही आपली लागण उघड करण्याची सक्ती करता येत नाही. दिव्यांग व्यक्तींच्या बाबतीत असा विचार त्यापूर्वीच सुरू झाला होता. त्याचे सार पंचायत सदस्य, शिक्षक व अधिकारी यांनी समजून घेणे अगत्याचे आहे. कारण गावपातळीवर अशा व्यक्ती सल्ल्यासाठी प्रथम त्यांच्याकडेच येतात.

दयेकडून हक्काकडे

१९८१ हे वर्ष जगभर आंतरराष्ट्रीय अपंग वर्ष म्हणून पाळले गेले. त्या काळी अपंगांसाठी वसतिगृह किंवा आश्रम काढणे हीच सेवेची परिसीमा मानली जाई. संयुक्त राष्ट्रांनी २००६ मध्ये दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा करार संमत केला आणि भारताने २००७ मध्ये त्यास मान्यता दिली. कोठे व कोणाबरोबर राहावयाचे हे ठरविण्याची संधी दिव्यांग व्यक्तीस इतरांप्रमाणेच असावी, असे या कराराचा १९ वा अनुच्छेद सांगतो. त्यास अनुसरून आपल्या देशात दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ झाला व १९ एप्रिल २०१७ पासून तो लागू आहे. कलम ५ अन्वये दिव्यांगांना समाजात राहण्याचा हक्क आहे. त्यांच्यावर विशिष्ट निवासव्यवस्थेची सक्ती होऊ नये आणि समाजात राहण्यास लागणारे साहाय्य त्यांना मिळावे, यासाठी शासनाने प्रयत्नशील राहावयाचे आहे.

यातूनच साहाय्यित निवासाची कल्पना पुढे आली. व्यक्ती आपल्या खोलीत किंवा दोघा-चौघांच्या घरात राहते आणि स्वयंपाक, स्नान, औषधे, बँकेचे व्यवहार अशा कामांत तिला गरजेपुरती मदत मिळते, अशी ही व्यवस्था होय. राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ खालील ‘घरौंदा’ ही योजना याच स्वरूपाची आहे. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, मतिमंदत्व व बहुविकलांगता असलेल्या प्रौढांच्या निवासासाठी ती आखलेली आहे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ नेही केवळ कुटुंब नाही म्हणून कोणास रुग्णालयात ठेवू नये, असे सांगून समाजातील निवासाची दिशा दाखविली आहे.

दोन नाती, दोन कागद

साहाय्यित निवासात राहणाऱ्या व्यक्तीची दोन नाती असतात. पहिले नाते घराशी, म्हणजे घरमालकाशी. दुसरे साहाय्य देणाऱ्याशी. व्यवहारात ही दोन्ही एकाच संस्थेच्या हाती असतात आणि बहुधा एकाच प्रवेश-अर्जात मिसळून जातात. सारा धोका येथेच आहे.

उदाहरणादाखल, मेंदूच्या पक्षाघाताने चालता न येणारा तिशीतील एक तरुण अशा घरात राहतो असे समजू. सकाळी त्याला चाकांच्या खुर्चीत बसविण्यासाठी मदतनीस यावयाचा असतो. तो वेळेवर येत नाही, म्हणून तरुण तक्रार करतो. “आमची सेवा पसंत नसेल तर खोली सोडावी,” असे उत्तर त्यास मिळते. त्याच्याजवळ प्रवेश-अर्जाखेरीज कोणताही कागद नसेल, तर पुढे तो तक्रार करणार नाही. मदतनिसाने पैसे घेतले तरी बोलणार नाही आणि हात उगारला तरी बोलणार नाही. कारण तोंड उघडले तर छप्पर जाईल ही भीती त्यास गप्प ठेवील. छप्पर आणि सेवा एकाच दोरीने बांधली गेली की तक्रारीचा हक्क कागदावरच राहतो.

यास्तव घराचा करार वेगळा आणि साहाय्याचा करार वेगळा असावा. ब्रिटनमध्येही दिव्यांगांच्या अशा निवासव्यवस्थेत घराचा करार व सेवेचा करार निरनिराळे ठेवण्यावर भर दिला जातो. सेवा बदलली, कमी झाली किंवा दुसऱ्या संस्थेकडून घेतली तरी घरातील वास्तव्यास बाध येणार नाही, असे घराच्या करारात स्पष्ट लिहिलेले असावे.

भाडेपट्टा की अनुज्ञप्ती

घराचा कागद दोन प्रकारचा असू शकतो. भाडेपट्ट्याने भाडेकरूस जागेचा ताबा व तीत हितसंबंध मिळतो. अनुज्ञप्तीने, म्हणजे प्रचारातील ‘लिव्ह अँड लायसन्स’ कराराने, केवळ राहण्याची परवानगी मिळते. कागदाच्या मथळ्यावर काय लिहिले आहे एवढ्यावरून हे ठरत नाही. उभय पक्षांचा खरा हेतू काय होता आणि जागेचा अनन्य ताबा कोणाकडे आहे हे पाहावे लागते, असे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्येच असोसिएटेड हॉटेल्सच्या खटल्यात मांडले आहे. खोलीची किल्ली कोणाकडे असते, परवानगीवाचून आत कोण येऊ शकते, हे प्रश्न म्हणूनच महत्त्वाचे आहेत.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलात आहे. मराठवाड्यात पूर्वी असलेला हैदराबादचा १९५४ चा घरभाडे कायदा याच अधिनियमाने निरसित झाला. त्याच्या कलम ५५ प्रमाणे भाड्याचा किंवा अनुज्ञप्तीचा करार लेखी व नोंदणीकृत असावा लागतो. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. तसा करार नसल्यास, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. अकरा महिन्यांचा करार केला की नोंदणी लागत नाही, हा समज त्यामुळे येथे गैर ठरतो. वाजवी कारणावाचून पाणी, वीज यांसारखी आवश्यक सेवा तोडण्यासही या अधिनियमाने घरमालकास मनाई केली आहे. मात्र अनुज्ञप्तीची मुदत संपल्यावर जागा न सोडल्यास दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. म्हणून मुदतीची तारीख राहणाऱ्या व्यक्तीस ठाऊक असणे अत्यावश्यक आहे.

हा अधिनियम कोणत्या क्षेत्रांना लागू आहे हे त्यात निश्चित केलेले आहे. शासन व स्थानिक प्राधिकरण यांच्या मालकीच्या जागा त्यातून वगळल्या आहेत. पालीसारख्या गावातील घराचा करार करताना प्रथम याची खात्री करून घ्यावी. अधिनियम लागू नसेल तेथे मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ व लेखी करारातील अटी यांवरच भिस्त असते. दुसरा काही करार नसल्यास महिन्याची भाडेदारी १५ दिवसांच्या नोटिशीने संपविता येते. खेड्यात लेखी कराराचे महत्त्व शहरापेक्षा कमी नसून अधिकच आहे, ते यामुळे.

करारात काय असावे

भाडे, अनामत रक्कम व ती परत करण्याची मुदत, वीज, पाणी व दुरुस्तीचा खर्च कोणाकडे, कराराचा कालावधी व नूतनीकरण, नोटिशीची मुदत, या गोष्टी प्रत्येक करारात येतात. दिव्यांग व्यक्तीच्या करारात आणखी चार गोष्टींची भर घालावी.

१. उतरता रस्ता, शौचालयातील आधारदांडी, रुंद दरवाजा अशा बदलांस घरमालकाची लेखी संमती, त्यांचा खर्च व घर सोडताना ते काढावयाचे की ठेवावयाचे याचा उल्लेख.

२. खोलीचे खासगीपण. मदतनीस किंवा व्यवस्थापक यांनी पूर्वसूचनेवाचून आत येऊ नये. संकटसमयीचा अपवाद नेमका लिहावा.

३. भाडे व सेवाशुल्क या निरनिराळ्या रकमा आणि त्यांच्या निरनिराळ्या पावत्या. संजय गांधी निराधार अनुदान किंवा अन्य साहाय्य व्यक्तीच्या स्वतःच्या बँक खात्यात जमा व्हावे. तिच्या संमतीवाचून पासबुक कोणीही ताब्यात ठेवू नये.

४. संस्थेने इमारत दुसऱ्याकडून भाड्याने घेतली असल्यास, त्यात रहिवासी ठेवण्यास मूळ मालकाची लेखी परवानगी. ती नसेल तर संस्थेचा करार तुटताच सर्व रहिवाशांचे वास्तव्य धोक्यात येते.

स्वाक्षरी कोणाची?

दिव्यांग व्यक्तीच्या वतीने वडिलांनी, भावाने किंवा संस्थेच्या प्रमुखाने सही करण्याची प्रथा सर्रास आढळते. अंधत्व, बधिरत्व किंवा शारीरिक अपंगत्व यांमुळे करार करण्याची पात्रता मुळीच कमी होत नाही. २०१६ च्या अधिनियमाचे कलम १३ दिव्यांग व्यक्तीस मालमत्ता धारण करण्याचा व आपले आर्थिक व्यवहार सांभाळण्याचा हक्क इतरांच्या बरोबरीने देते. साहाय्य करणाऱ्याचा हितसंबंध व्यवहारात गुंतलेला असेल, तर त्याने त्या व्यवहारापुरते दूर राहावयाचे आहे. जी संस्था खोली देते तिच्याच प्रमुखाने रहिवाशाच्या वतीने करारावर सही करणे या तत्त्वाशी विसंगत होय.

पुरेसे साहाय्य देऊनही कायद्याने बंधनकारक निर्णय घेता येत नसेल, तरच कलम १४ अन्वये जिल्हा न्यायालय किंवा नियुक्त प्राधिकरण मर्यादित पालक नेमू शकते. त्या पालकानेही व्यक्तीशी विचारविनिमय करूनच निर्णय घ्यावयाचा आहे. राष्ट्रीय न्यासाच्या कक्षेतील व्यक्तींसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समिती पालकाची नियुक्ती करते.

सही करणे व समजणे या भिन्न गोष्टी आहेत. करार सोप्या मराठीत, लहान वाक्यांत, गरजेप्रमाणे चित्रांसह, ब्रेलमध्ये, ध्वनिमुद्रित किंवा सांकेतिक भाषेत समजावून द्यावा. तो एकाच बैठकीत न संपविता दोन-तीन वेळा वाचावा. “पैसे कोणास द्यावयाचे? कोण बाहेर काढू शकतो? तक्रार कोठे करावयाची?” या तीन प्रश्नांची उत्तरे व्यक्तीने स्वतःच्या शब्दांत दिली, म्हणजे करार समजला असे मानण्यास हरकत नाही. विशेष शाळांतील शिक्षकांचे कौशल्य या कामी मोलाचे ठरेल. शारीरिक दुर्बलतेमुळे कार्यालयात येणे अशक्य असल्यास, नोंदणी अधिनियम, १९०८ प्रमाणे नोंदणी अधिकारी विशेष कारणास्तव घरी येऊन दस्त स्वीकारू शकतो.

गावाचे कर्तव्य

महाराष्ट्रात ग्रामपंचायतींनी स्वउत्पन्नाचा ५ टक्के भाग दिव्यांगांसाठी खर्च करावयाचा आहे. हा निधी वर्षअखेर घाईने वस्तू वाटण्यात संपविण्याऐवजी, अनुज्ञेय बाबींच्या मर्यादेत, घरे व वाटा वावरण्यायोग्य करण्याकडे वळविता येईल. करारावर राहणाऱ्या व्यक्तीस रहिवासी दाखला, शिधापत्रिका, मतदार यादीतील नाव यांसाठी हेलपाटे पडू नयेत. दिव्यांगांसाठीच्या संस्थेस २०१६ च्या अधिनियमाखाली नोंदणी प्रमाणपत्र असणे आवश्यक आहे, हेही पंचायतीने पडताळून पाहावे.

छळ किंवा पिळवणूक होत असल्यास कलम ७ अन्वये कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे माहिती देता येते, आणि ती कोणीही देऊ शकतो. विधि सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ नुसार दिव्यांग व्यक्तीस उत्पन्नाची अट न लावता मोफत विधिसाहाय्य मिळते. त्यासाठी तालुका विधि सेवा समिती व जिल्हा विधि सेवा प्राधिकरण आहे. पुणे येथील दिव्यांग कल्याण आयुक्तांकडेही दाद मागता येते.

सेवाभावी संस्थांनी आजवर केलेले कार्य मोठे आहे आणि त्यांच्यावर अविश्वास दाखविणे हा या विवेचनाचा हेतू नाही. चांगल्या संस्थेलाही लेखी करार हिताचाच असतो. कारण चालक बदलले, इमारत बदलली तरी दिलेला शब्द कागदावर टिकून राहतो. संस्थेच्या छत्राखाली वाढलेला तरुण उद्या आपल्या खोलीच्या दाराला आतून कडी घालील, महिन्याच्या भाड्याची पावती आपल्या पेटीत ठेवील आणि गैर वाटेल तेथे निर्भयपणे बोलेल, तेव्हाच त्याला निवारा व आधार ही दोन्ही खऱ्या अर्थाने मिळाली असे म्हणता येईल.