शेअर फोल्डर उघडेना

प्रश्न : दुकानातल्या संगणकावर विंडोज ११ प्रो अपडेट झाल्यापासून शेजारच्या संगणकावरचा शेअर फोल्डर उघडत नाही. ‘संस्थेच्या सुरक्षा धोरणामुळे’ प्रवेश अडवल्याचा संदेश येतो. माझी कुठली आली संस्था?

उत्तर : संदेशाचा मजकूरच फसवा आहे, धोरण विंडोजचेच. २४एच२ आवृत्तीपासून प्रोमध्येही पासवर्डविना ‘गेस्ट’ प्रवेश बंद झाला. फोल्डर ज्या संगणकावर आहे, तिथे पासवर्डसह नवे खाते उघडा, त्याला फोल्डरची परवानगी द्या आणि जोडताना तेच नाव-पासवर्ड टाका. ग्रुप पॉलिसीत ‘लॅनमन वर्कस्टेशन’खाली गेस्ट प्रवेश पुन्हा सुरू करता येतो, पण मग डिजिटल सहीची सक्तीही काढावी लागते. म्हणजे कुलूपही गेले, कडीही गेली. हिशेबाच्या फायली असतील, तर त्या वाटेला जाऊ नका.