हार्डडिस्क जाते तेव्हा...

सुरुवातीलाच एक कबुली. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पदरात घ्या. आणि मी मेकॅनिकलची आहे, म्हणून कॉम्प्युटरवाल्यांनी "हे तर आम्हाला माहीतच होतं" म्हणत पान उलटू नये. माहीत असणं आणि वेळेवर सुचणं यात बराच फरक असतो, हे मी २०२५ च्या दिवाळीच्या सुट्टीत शिकले.

आमच्या घरी २०१३ साली घेतलेला डेस्कटॉप आहे. सुट्टीत घरी गेले तर तो चालू व्हायलाच दहा मिनिटं घेत होता. साधा फोल्डर उघडला तरी माउसचा बाण गोठायचा. "म्हातारा झालाय," असं म्हणून आम्ही सगळ्यांनी दुर्लक्ष केलं. भाऊबीजेच्या दिवशी निळा स्क्रीन आला आणि मग कॉम्प्युटर नुसताच रीस्टार्ट होत राहिला.

बाबांनी दुकानात फोन लावला. "आणून टाका साहेब, नवीन डिस्क घालून विंडोज मारून देतो. संध्याकाळी घेऊन जा!" बाबा खूश. तेवढ्यात आई स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि म्हणाली, "अहो, आणि आईंच्या ओव्या?"

सगळे गप्प.

२०२३ मध्ये बारावीनंतरच्या सुट्टीत मी आजीच्या जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड केल्या होत्या आणि एकेक अक्षर शोधत टाइप केल्या होत्या. एकूण १४३ ओव्या. आजी आता ८४ वर्षांची आहे, त्यातल्या निम्म्याअधिक तिला आज आठवत नाहीत. आणि फाइलची दुसरी कॉपी? "पेनड्राइव्हवर घेते, घेते" म्हणत दोन वर्षं गेली होती!

नेमकं बिघडतं काय?

हार्डडिस्क ही खरं तर आमच्या ब्रँचची वस्तू. आत आरशासारख्या गुळगुळीत तबकड्या असतात. डेस्कटॉपमध्ये त्या बहुधा मिनिटाला ७२०० फेरे घेतात, म्हणजे सेकंदाला १२०. तबकडीचा व्यास साधारण ९५ मिलिमीटर धरला, तर कडेचा वेग निघतो सेकंदाला सुमारे ३६ मीटर, म्हणजे ताशी जवळजवळ १३० किलोमीटर! मुंबई-पुणे एक्सप्रेस वेवर मोटारीलासुद्धा ताशी १०० च्या पुढे परवानगी नाही. वाचणारं हेड या तबकडीच्या वर फक्त काही नॅनोमीटरवर तरंगत असतं. आपल्या केसाची जाडी त्याच्या हजारो पट असते. अशी वस्तू बारा वर्षं चालली, यातच तिचं कौतुक.

बिघाड साधारण दोन तऱ्हेचे. पहिल्यात हेड किंवा मोटर जाते, आतून टक-टक असा आवाज येतो. असा आवाज आला तर ताबडतोब वीज बंद करा. घरी डिस्क उघडू नका, फ्रिजमध्ये ठेवण्याचे उपायही नकोत. हे काम धूळमुक्त खोली असलेल्या डेटा रिकव्हरीवाल्यांचं. दुसऱ्या तऱ्हेत डिस्क फिरते, पण काही सेक्टर वाचता येत नाहीत. आमची डिस्क सुदैवाने दुसऱ्या तऱ्हेची होती.

पहिला नियम : हात आवरा

अशा वेळी आपण नेमकं काय करतो? पुन्हा पुन्हा चालू करून बघतो, नाहीतर विंडोजचं चेकडिस्क लावतो, नाहीतर सरळ फॉरमॅट. तिन्ही चूक. चेकडिस्क फाइलसिस्टिम दुरुस्त करतं, म्हणजे त्याच आजारी डिस्कवर लिहितं. आणि वाचवायचं असतं ते फाइलसिस्टिमला नाही, आपल्या फाइलींना. डिस्क चालू असलेला प्रत्येक तास तिच्या उरलेल्या आयुष्यातून वजा होतो असं समजा. म्हणून क्रम पाठ करा : आधी डेटा, मग कॉम्प्युटर.

आधी डेटा

१) लॅपटॉपवर लिनक्स मिंटचा बूट होणारा पेनड्राइव्ह तयार केला आणि बायॉसमध्ये जाऊन डेस्कटॉप त्यावरून चालू केला. असं केलं की विंडोजला उठवायची गरजच पडत नाही.

२) डिस्कची स्मार्ट माहिती पाहिली. प्रत्येक डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवत असते. क्रमांक ५ म्हणजे खराब झाल्यामुळे बदली दिलेले सेक्टर, क्रमांक १९७ म्हणजे वाचता न आल्यामुळे निकाल बाकी असलेले सेक्टर. चांगल्या डिस्कवर दोन्ही आकडे शून्य असावेत. आमचा १९७ चा आकडा तीन अंकी होता! हे आधी बघितलं असतं तर... असो.

३) मामेभावाची २ टीबीची एक्सटर्नल डिस्क मागून आणली. आपली डिस्क १ टीबीची असेल तर तिची पूर्ण प्रतिमा ठेवायला तेवढी जागा लागतेच. ती एक्सटर्नल डिस्क फॅट ३२ मध्ये असेल तर चालत नाही, कारण त्यात ४ जीबीहून मोठी फाइल मावत नाही.

४) डीडीरेस्क्यू नावाचा मोफत प्रोग्रॅम चालवला. याची युक्ती मला फार आवडली. पेपर सोडवताना आपण अडलेला प्रश्न सोडून पुढे जातो ना, तसंच. आधी सोपा, चांगला भाग भराभर वाचून घ्यायचा आणि खराब भागाकडे शेवटी वळायचं. कुठवर आलो याची नोंद तो वेगळ्या फाइलमध्ये ठेवतो, त्यामुळे मध्ये लाईट गेली तरी पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही. (आमची दोनदा गेली.) एवढी नोट करा, कुठून वाचायचं आणि कुठे लिहायचं ही नावं उलटी पडली तर सगळं संपलं. मी तीनदा तपासलं आणि मगच एंटर दाबलं.

सेकंदाला १०० एमबी धरले तर १ टीबीला पावणेतीन तास पुरतात. खराब सेक्टरांमुळे आम्हाला दोन रात्री लागल्या. आजी मधूनमधून येऊन विचारायची, "झालं का गं दळण?"

५) यानंतरचं सगळं काम त्या प्रतिमेवर, मूळ डिस्कवर नाही. ओव्यांची फाइल उघडली, पूर्ण १४३! रेकॉर्डिंगमधल्या चार फाइली मात्र अर्ध्यावर तुटतात. त्यातला आजीचा आवाज गेला तो गेला.

मग कॉम्प्युटर

हा भाग त्यामानाने सोपा. प्लग काढायचा, कॅबिनेटच्या धातूला हात लावून अंगातली स्टॅटिक वीज घालवायची. जुन्या डिस्कच्या जागी २.५ इंची साटा एसएसडी बसवली. खाच मोठी असल्यामुळे तिला पट्टी लागते. केबल दोनच, डेटाची आणि पॉवरची, दोन्ही एकाच बाजूने बसतात, तेव्हा जोर लावू नये. रॅमचे पाय खोडरबरने हलकेच पुसले. मदरबोर्डवरची नाण्याएवढी सीआर २०३२ बॅटरीही बदलली. ती संपली की घड्याळ मागे जातं आणि तारीख चुकली की सुरक्षित वेबसाइट उघडत नाहीत. दोष इंटरनेटचा वाटतो, असतो बॅटरीचा!

विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ च्या अटींत (टीपीएम २.० वगैरे) आमचा २०१३ चा प्रोसेसर बसत नाही. म्हणून लिनक्स मिंट कायमचंच टाकलं. ओव्या युनिकोडमध्ये टाइप केल्या होत्या म्हणून तिथे जशाच्या तशा दिसल्या. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये असत्या, तर तो फॉन्ट मिळेपर्यंत नुसती चिन्हंच दिसली असती.

आणि मग वही

एसएसडीत फिरणारं काही नसतं, पण म्हणून ती अमर नाही. ती जाते तेव्हा बऱ्याचदा काही सूचना न देता जाते, आणि तिच्यावरून डिलीट झालेलं परत मिळणं आणखी अवघड. तेव्हा नियम ३-२-१ : तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. फोल्डर आपोआप सिंक होतो म्हणून निर्धास्त राहू नका, इकडे चुकून डिलीट केलं की तिकडेही डिलीट होतं. २०११ पासून ३१ मार्च हा जागतिक बॅकअप दिन म्हणून पाळतात. आपल्याकडे त्या दिवशी सगळे हिशोब मिटवतात, त्यात हाही एक मिटवून टाकावा.

आमची एक प्रत कॉम्प्युटरमध्ये, एक पेनड्राइव्हवर, एक मामेभावाकडे. चौथी आईने केली. दोनशे पानी वहीत तिने सगळ्या ओव्या हाताने उतरवून काढल्या. मी म्हटलं, "आई, आता कशाला?" तर म्हणाली, "तुझं यंत्र बंद पडलं तरी ही उघडते."

उत्तर काही सुचलं नाही. तुम्हाला सुचलं तर कळवा, पण त्याआधी बॅकअप घ्या!

– टी. ई. (मेकॅनिकल)