अंगणांत दगडी फरशी घालण्याचा पहिला धडा

शेतकऱ्याच्या घरापुढील अंगण ही केवळ शोभेची जागा नव्हे. तेथें धान्य वाळतें, पापड-मिरच्या पसरल्या जातात, पाहुणे बसतात व कार्यप्रसंगीं मांडव उभा राहतो. साष्टी बेटांत, म्हणजे हल्लींच्या मुंबई उपनगरांत, अंधेरी, बोरीवली, मुलुंड व घाटकोपर येथील बहुतेक शेतें इमारतींखालीं गेलीं. तरी गांवठाणांतील जुन्या घरांपुढें अंगणें अद्याप आहेत. पूर्वीं तीं दरसाल चोपून शेणानें सारवीत. आतां शेण, माणसें व सवड या तिन्ही गोष्टी दुर्मिळ झाल्यामुळें पुष्कळ जण सरसकट सिमेंट ओततात. त्यामुळें पावसाचें पाणी मुरत नाहीं. तें शेजाऱ्याच्या दारांत शिरतें आणि विहिरीस मिळणारा पाझर कमी होतो. दगडाच्या चुऱ्यावर कोरडी बसविलेली फरशी सांध्यांतून थोडें पाणी मुरूं देते, व एखादा दगड खचल्यास तेवढाच उचलून नीट करतां येतो. हें काम नवख्या माणसासही घरच्या मंडळींच्या साह्यानें करतां येईल. मात्र एक तत्त्व त्यानें आरंभींच ध्यानांत ठेवावें: फरशीचें आयुष्य वरच्या दगडावर थोडें, आणि खालचा पाया व दिलेला उतार यांवर फार अवलंबून असतें.

पाण्याचा हिशेब

सांताक्रूझ येथील वेधशाळेंत २६ जुलै २००५ रोजीं २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. २० फूट लांब व १५ फूट रुंद अंगणावर इतका पाऊस म्हणजे सुमारें २६,००० लिटर पाणी होय. असा दिवस विरळा. परंतु १०० मिलिमीटर पावसाचा दिवस येथें नवलाचा नाहीं, व त्या दिवशींही त्याच अंगणावर सुमारें २,८०० लिटर पाणी पडतें. एवढें पाणी कोणत्या बाजूनें व कोठें जाणार, याचें उत्तर सांपडल्यावांचून कुदळ हातीं घेऊं नये. बोरीवलीनजीक कान्हेरीस शंभराहून अधिक लेणीं आहेत. तेथील कारागिरांनीं खडकांत पन्हळी कोरून पावसाचें पाणी टाक्यांत उतरविलें आहे. आधीं पाण्याची वाट व मग बसण्याची जागा, हा क्रम अंगणासही लागू आहे.

उतार घराकडून बाहेर द्यावा. ६० इंचांस १ इंच पुरे. १५ फूट रुंदीस तो ३ इंच होतो. उताराच्या शेवटीं गटार किंवा शोषखड्डा असावा. शेजाऱ्याच्या भिंतीकडे उतार कदापि देऊं नये. तसेंच फरशीचा माथा घराच्या जोत्याच्या माथ्यापासून निदान ६ इंच खालीं राहिला पाहिजे. जुन्या फरशीवर नवी घालीत गेल्यानें हें अंतर नाहींसें होतें व भिंती ओल धरतात.

दगडाची निवड

साष्टींतील काळा दगड ज्वालामुखीच्या रसापासून झालेला आहे. अंधेरीच्या गिल्बर्ट टेकडीवर त्याचे सुमारें २०० फूट उंचीचे उभे खांब उघडे दिसतात. कुर्ल्याचा करडा व मालाडचा पिवळसर दगड मुंबईच्या इमारतींस पुष्कळ लागला. ज्याची कोनशिला १९०५ सालीं बसविली गेली व जें हल्लीं छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय म्हणून ओळखलें जातें, तें भवन याच दोन दगडांचें आहे. हा काळा दगड अत्यंत टिकाऊ. पण थिजलेल्या रसाचा असल्यामुळें तो पातळ थरांनीं सुटत नाहीं. तो पाथरवटाकडून घडवून किंवा यंत्रावर कापून घ्यावा लागतो, म्हणून महाग पडतो.

शहाबादी फरशी कर्नाटकांतील कलबुर्गी जिल्ह्यांतून येते. ती चुनखडीच्या दगडाची, एकावर एक बसलेल्या थरांची असल्यामुळें स्वभावतःच सपाट सुटते. म्हणून ती नवख्यास सोयीची. आंबट पदार्थ मात्र तिला सोसत नाहींत. चिंच, कोकम, लिंबू किंवा संडास धुण्याचें ॲसिड सांडल्यास तिच्यावर कायमचे डाग पडतात. जेथें असे जिन्नस वाळवावयाचे असतील तेथें काळा दगड बरा. जुनें घर पाडलें जात असल्यास त्याच्या जोत्याचे घडीव दगड मिळवावे. घासून गुळगुळीत केलेली फरशी अंगणांत घेऊं नये. पावसाळ्यांत वृद्ध माणसांस तिच्यावरून घसरण्याचें भय असतें.

प्रत्येक फरशी उभी धरून हातोडीनें हलकेच ठोकून पाहावी. खणखणीत आवाज आला तर ती घ्यावी. बद्द आवाज आला तर आंत चीर आहे असें समजून परत करावी.

सामान

वरील ३०० चौरस फूट अंगणास २ फूट चौरस व दीड इंच जाडीच्या ७५ फरशा लागतील. फुटतूट धरून ८० घ्याव्या. अशा एका फरशीचें वजन सुमारें ३८ किलो भरतें, सबब ती दोघांनीं उचलावी. ठोकून ४ इंच जाडीचा मुरमाचा थर १ ब्रास होतो. मुरूम दबतो म्हणून सव्वा ब्रास आणावा. वरच्या दीड इंच थरास व सांध्यांस मिळून अर्धा ब्रास दगडाचा चुरा पुरे. समुद्राची रेती फुकट मिळाली तरी वापरूं नये; तिच्यांतील मिठानें दगडावर पांढरी बुरशीसारखी पूड येते व पापुद्रे सुटतात. हत्यारें म्हणजे कुदळ, फावडें, धुमस, दोरी, खुंट्या, पाणसळ, सरळ फळी व लाकडी हातोडा.

बसविण्याची कृति

खुंट्या मारून दोरी बांधावी. कोपरा काटकोनांत आहे कीं नाहीं हें पाहण्यास एका बाजूवर ६ फूट व दुसरीवर ८ फूट मोजावें. दोन खुणांमधील अंतर बरोबर १० फूट भरलें पाहिजे. नंतर ६ इंच खोदावें व तळासही तोच उतार द्यावा. पुढील तीन थर मिळून ७ इंच होतात, म्हणून फरशी जमिनीवर १ इंच राहील. तळाशीं चिकण माती लागल्यास आणखी २ इंच खोदून खडी भरावी, कारण ती माती पावसांत फुगते व उन्हाळ्यांत आकसते.

मुरूम दोन थरांत घालावा. प्रत्येक थरावर पाणी शिंपून धुमसानें ठोकावें; जोरानें टांच मारली असतां खूण उमटूं नये. या कामांत कंटाळा केला तर पुढील सर्व श्रम व्यर्थ होत. मग कडेनें उभे दगड निम्म्याहून अधिक गाडावे, म्हणजे फरशी बाजूस सरकणार नाहीं. त्यानंतर दीड इंच जाडीच्या दोन पट्ट्या उताराप्रमाणें ठेवून मध्यें चुरा पसरावा व फळीनें ओढून सारखा करावा. सारखा केलेल्या चुऱ्यावर पाय देऊं नये.

दाराच्या बाजूच्या कोपऱ्यापासून आरंभ करावा. फरशी सरकवीत न नेतां वरून अलगद ठेवावी व मध्यभागीं लाकडी हातोड्यानें ठोकावी. चारी कोपऱ्यांवर पाय देऊन पाहावा. ती डुगडुगली तर उचलून खालचा चुरा कमीजास्त करावा. कपच्या खुपसून ती स्थिर करणें हा मोठा दोष होय. सारा भार त्या कपचीवर येऊन फरशी मोडते. दोन फरशांमध्यें पाव इंच सांधा ठेवावा व भिंतीच्या विटांप्रमाणें ओळीओळींत सांधमोड करावी. तुळशीवृंदावन व झाडें यांभोंवतीं जागा मोकळी सोडावी. फरशी यंत्रानें कापणें झाल्यास पाणी सोडून कापावी व नाकातोंडावर फडकें बांधावें; दगडाची पूड फुप्फुसांस घातक असते.

शेवटीं कोरडा चुरा झाडूनें सांध्यांत भरावा, पाणी शिंपावें, व तो बसला कीं पुन्हां भरावा.

काळ व निगा

दिवाळीनंतरचे दिवस या कामास उत्तम. पाऊस गेलेला असतो व जमिनींत ठोकण्यापुरती ओल असते. मृगाच्या तोंडावर काम काढूं नये. पहिल्या पावसाळ्यांत कोठें पाणी सांचतें तें पाहून खूण करावी व पावसाळा सरल्यावर तेवढ्याच फरशा उचलून पुन्हां बसवाव्या. गाडी किंवा ट्रॅक्टर आंत येणार असल्यास ही जाडी पुरणार नाहीं. तेथें ३ ते ४ इंच जाडीचे दगड व त्या मानानें खोल पाया पाहिजे.

ज्यानें हें काम पूर्वीं केलेलें नाहीं त्यानें एकदम सारें अंगण उकरूं नये, अशी आमची सूचना आहे. धुण्याभांड्यांच्या जागेपुढें ६ फूट चौरस तुकडा आधीं घालावा. त्यास ९ फरशा लागतात. एक पावसाळा त्यावरून पाणी कसें वाहतें तें पाहावें आणि मग पुढील वर्षीं बाकीचें अंगण हातीं घ्यावें.