आश्विनातली हवा आणि लोणारचे सरोवर



वर्षा ऋतू संपला की शरद ऋतू येतो. शरद म्हणजे आश्विन आणि कार्तिक. निबंधात आपण सगळे लिहितो की शरदात आकाश निरभ्र असते व हवा आल्हाददायक असते. आकाशाचे म्हणणे बरोबर आहे. पण आश्विनात भर दुपारी सोयाबीन सोंगणाऱ्या माणसाला जाऊन विचारा, हवा आल्हाददायक आहे का! वरून ऊन भाजते, अंगाला घामाची चिकचिक, आणि संध्याकाळी ढग येतील की काय ही भीती. असे का होते, आणि याच दिवसांत आपल्या लोणारच्या सरोवरात काय घडते, ते या पाठात पाहू.

प्रथम सूर्याकडे पाहू. २२ किंवा २३ सप्टेंबरला सूर्य विषुववृत्तावर असतो. दिवस व रात्र जवळजवळ सारखी होतात. लोणार सुमारे २० उत्तर अक्षांशावर आहे. म्हणून त्या दिवशी मध्यान्हीला सूर्य आपल्या डोक्यावरून फक्त २० अंश दक्षिणेला कललेला असतो. १०० सेंटिमीटरची काठी सपाट जमिनीवर सरळ उभी करा. मध्यान्हीला तिची सावली सुमारे ३६ सेंटिमीटर पडेल. एक महिन्याने, २३ ऑक्टोबरला, ती सुमारे ६१ होते, आणि २२ डिसेंबरला सुमारे ९५. (आपल्याकडे मध्यान्ह घड्याळात बरोबर बाराला होत नाही. या महिन्यांत ती बारा वाजून गेल्यावर, सव्वाबाराच्या आगेमागे होते. घड्याळ सगळ्या देशाचे एक असते, सूर्य ज्याच्या त्याच्या गावाचा.) सावली आखूड म्हणजे ऊन उभे, आणि उभे ऊन जास्त तापवते. आश्विनाच्या सुरुवातीला ऊन अजून बरेच उभे असते, आणि ते अडवायला पावसाळ्यासारखे ढग नसतात.

मग वैशाखात तर सूर्य याहून वर असतो, तेव्हा अशी चिकचिक का होत नाही? कारण वैशाखात हवा कोरडी असते. घाम येतो तसा उडून जातो, आणि उडताना अंगातली उष्णता घेऊन जातो. आश्विनात जमीन अजून ओली असते. नाले वाहत असतात, पिके हिरवी असतात, पाने वाफ सोडतात. हवेत आधीच एवढी वाफ असते की आपल्या घामाला जागा मिळत नाही. वाळत घातलेले धोतरसुद्धा सावलीत दमटच राहते. यालाच लोक ऑक्टोबर हीट म्हणतात.

पाऊस परत जातो म्हणजे काय, हेही पाहू. जूनमध्ये नैर्ऋत्येकडून आलेला मोसमी वारा राजस्थानात सर्वांत शेवटी पोचतो आणि तिथूनच सर्वांत आधी निघतो. हवामान खात्याने २०२० साली जुन्या तारखा बदलल्या. आता पश्चिम राजस्थानातून परतीची सर्वसाधारण तारीख १७ सप्टेंबर धरतात. आपल्या भागातून तो ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात जातो. पण जाताना गुपचूप जात नाही. सकाळी आकाश धुतल्यासारखे असते. दुपारी कापसाच्या बोंडासारखे ढग फुटतात. तापलेल्या जमिनीवरची दमट हवा वर चढते, थंड होते, ढग उंच वाढतो, आणि चार वाजेपर्यंत काळा पहाड उभा. मग वारा, कडकडाट आणि अर्धा-पाऊण तास झोडपणारा पाऊस. एका शिवारात पाणी वाहते आणि शेजारच्या शिवारात धूळ तशीच!

आजोबा हा हिशेब नक्षत्रांवर करतात. सूर्य १३ सप्टेंबरच्या सुमारास उत्तरा नक्षत्रात जातो, २७ च्या सुमारास हस्तात आणि १० ऑक्टोबरच्या आसपास चित्रात. हस्त म्हणजे खरे तर हात. बोलता बोलता त्याचा हत्ती झाला आहे, आणि पाऊस आला की "हत्तीनं सोंड फिरवली" म्हणतात. "हत्तीचा काय नेम बापा, ताडपत्री जवळ ठेवा," हे वाक्य या दिवसांत घरोघर ऐकू येते.

ताडपत्री का, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. याच पंधरवड्यांत सोयाबीनची सोंगणी असते. सोंगलेले पीक वावरात पडलेले असते किंवा सुडी रचून ठेवलेली असते, हडंब्याचा नंबर लागायचा असतो. त्यात पाऊस आला तर शेंगा भिजतात, दाणा काळा पडतो, पाऊस लांबला तर शेंगेतच कोंब येतात. आणि पाऊस नाही आला तरी दमट हवा त्रास देतेच. सरकारी खरेदीत दाण्यात साधारण १२ टक्क्यांपर्यंत ओलावा चालतो. जास्त असला तर माल परत येतो, नाहीतर व्यापारी भाव पाडतो. चार महिन्यांचे कष्ट त्या चार दिवसांच्या हवेवर असतात. घरी या दिवसांत मोठी माणसे थोडी चिडचिडी असतात, त्याचे कारण हेच.

विजेबद्दल एक माहिती. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा. दर तीन सेकंदांना सुमारे एक किलोमीटर. मोजणी कमी होत चालली म्हणजे ढग जवळ येतो आहे. अशा वेळी बाभळीखाली किंवा लिंबाखाली थांबू नये, पक्क्या घरात जावे. सुडी झाकायची असेल तर ढग लांब असतानाच झाकावी.

आता सरोवर. आपल्या जिल्ह्यात घाटावर आणि घाटाखाली असे दोन भाग आपण बोलण्यात नेहमी करतो. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार घाटावर; मलकापूर, नांदुरा, शेगाव घाटाखाली. घाटाखाली जास्त उकडते, कारण खाली येणारी हवा दाबली जाऊन तापते, दर १०० मीटरला सुमारे एक अंश. लोणारच्या विवरात हाच प्रकार लहान प्रमाणात आहे. उल्का आदळून काळ्या खडकात झालेले हे विवर वरच्या काठाशी सुमारे १.८ किलोमीटर रुंद आहे, आणि काठापासून पाणी सुमारे १३५ ते १४० मीटर खाली आहे. दुपारी खाली उतरले की जास्त गरम वाटते त्याचे एक कारण हे. दुसरे म्हणजे खाली वारा लागत नाही. रात्री मात्र उलट. उघड्या आकाशाखाली उतार थंड होतात, त्यांना लागलेली हवा थंड व जड होऊन पाण्यासारखी खाली घसरते. अमेरिकेत अ‍ॅरिझोना राज्यात असेच एक उल्काविवर आहे. तेथे शास्त्रज्ञांनी २००६ च्या ऑक्टोबरमध्ये रात्रभर हवा मोजली, तेव्हा तळाशी थंड हवेचा थर साचलेला आढळला. ते विवर मात्र कोरडे आहे. आपल्याकडे तळाशी पाणी आहे, आणि पाणी दिवसाची उष्णता लवकर सोडत नाही.

सरोवराचे खरे वैशिष्ट्य म्हणजे त्याला बाहेर जायला वाटच नाही. पाऊस, उतारावरचे ओहोळ आणि गोमुखाची बारमाही धार यांचे पाणी आत येते. ओढा होऊन बाहेर काही जात नाही. पाणी मुख्यतः वाफ होऊनच जाते, आणि वाफ क्षार नेत नाही. क्षार मागे राहतात. म्हणून पाणी खारट आणि हाताला साबणासारखे बुळबुळीत आहे. लाल लिटमस त्यात निळा होतो. (लवणासुराची गोष्ट सगळ्यांना येतेच, ती इथे पुन्हा लिहीत नाही.)

म्हणजे सरोवराचे एक जमाखर्चाचे खाते आहे. पावसाळ्यात जमा होते. आश्विनात जमा थांबत जाते आणि खर्च वाढू लागतो. सुरुवातीला हवा दमट असल्याने वाफ सावकाश होते. परतीचा पाऊस संपून ईशान्येकडून कोरडा वारा सुटला की तिला जोर येतो. पाण्याचा व्यास १.२ किलोमीटर धरला तर क्षेत्रफळ सुमारे ११ लाख चौरस मीटर येते. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर. म्हणून सरोवर नुसते एक मिलिमीटर खाली गेले तरी ११ लाख लिटर पाणी उडाले. दहा हजार लिटरचे ११० टँकर! उन्हाळ्यात एका टँकरसाठी किती भांडी रांगेत लागतात ते आठवून पाहा.

खर्च फार झाला तर काय होते ते जून २०२० मध्ये दिसले. पाणी आटून क्षार वाढले, आणि फार खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या गुलाबी सूक्ष्मजीवांमुळे सरोवर गुलाबी झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाणी तपासून हे सांगितले. पावसाने पाणी पातळ झाल्यावर तो रंग गेला. जमा फार झाली तरी बरे नाही. गोडे पाणी वाढले की खारेपणा उतरतो, आणि खाऱ्या पाण्यातच जगणारे हिरवे शेवाळ व सूक्ष्म जीव अडचणीत येतात. लोणारचे सरोवर २०२० मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेले. ते त्याच्या या खाऱ्या पाण्यासाठी आणि त्यातल्या जीवांसाठी.

नवरात्रात पुष्कळ लोक कमळजादेवीच्या दर्शनाला खाली उतरतात. देऊळ पाण्याजवळच आहे. त्या दिवशी पाणी कुठपर्यंत आहे ते मोठ्या माणसांबरोबर उभे राहून नीट पाहावे. ते अभयारण्य आहे, म्हणून दगडांवर खडू-रंगाच्या खुणा करू नयेत. वहीत तारीख घालून लिहावे की देवळापासून पाणी किती पावलांवर आहे, आणि सुकलेल्या क्षाराचा पांढरा पट्टा काठाला दिसतो की नाही. दुसरी नोंद दिवाळीच्या सुट्टीत, तिसरी संक्रांतीला, चौथी होळीला. पावले मात्र दर वेळी एकाच माणसाची धरावीत.