क्यूची पेटी निवडताना

स्नूकर १८७५ साली जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये जन्मला असं मानतात. क्यू बहुधा ॲश लाकडाची, साधारण ५७-५८ इंची. लाकूड ओलावा शोषून आडवं फुगतं; एका बाजूला जास्त फुगलं की क्यू वाकते. आमच्या गोंडपिपरीकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर आणि जुलैत धो-धो पाऊस, म्हणजे लाकडाची दुहेरी परीक्षाच!

म्हणून कापडी पिशवी नको, कडक पेटीच घ्या. क्यूचा सर्वांत लांब तुकडा मोजून आतली लांबी बघा. फोमची खाच घट्ट हवी, झाकण फटीशिवाय बसायला हवं. क्यू पुसून, कोरडी करूनच आत ठेवा. एसटीत पेटी उन्हाच्या खिडकीशी नको. टिपचा गोंद मऊ पडतो. मेसचे पैसे वाचवून घेतलेली क्यू एकदा वाकली की सहसा सरळ होत नाही. तेव्हा पेटीत कंजुषी नको!