आपला मुलूख

(प्रत्येकाला आपला मुलूख प्रिय असतो. पण त्यावर प्रेम करायचे म्हणजे त्याच्या उणिवा झाकायच्या का? मराठवाड्यातील एका शिक्षिकेने या पाठात आपल्या मुलखाच्या अडचणी मोकळेपणाने सांगितल्या आहेत आणि त्या मुलखाची ओढ का वाटते, हेही सांगितले आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी मालेगावचे असाल, कोणी भिवंडीचे, कोणी अकोल्याचे, तर कोणी रत्नागिरीचे. 'आमच्या गावात किती धूळ आहे!', 'वीज कधी टिकतच नाही,' असे तुम्ही घरी रोज म्हणत असाल. पण हेच वाक्य एखादा पाहुणा बोलला की तुम्हांला राग येतो. बोलणे तर खरेच असते. मग राग का येतो? याचा विचार तुम्ही कधी केला आहे का?

मी मराठवाड्याची आहे. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद), जालना, बीड, परभणी, हिंगोली, नांदेड, लातूर आणि धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) असे आठ जिल्हे मिळून मराठवाडा होतो. हा भाग पूर्वी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १७ सप्टेंबर १९४८ रोजी तो मुक्त झाला. १९५६ साली तो मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्राचा भाग आहे.

आमच्या मुलखाची पहिली अडचण म्हणजे पाणी. पश्चिमेकडून येणारे ढग सह्याद्रीला अडतात. कोकणात आणि घाटावर ते भरपूर बरसतात. आमच्यापर्यंत येईतो त्यांच्यात फार पाणी उरत नाही. जमिनीखाली काळा कठीण खडक आहे. त्यात पाणी फारसे मुरत नाही. म्हणून एक पावसाळा कोरडा गेला की विहिरी आटतात. १९७२ चा दुष्काळ आमच्या घरातील म्हातारी माणसे अजून विसरलेली नाहीत. एप्रिल २०१६ मध्ये तर लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. सुमारे साडेतीनशे किलोमीटर अंतर कापून पहिली गाडी आली, तेव्हा तिच्यात पाच लाख लिटर पाणी होते.

दुसरी अडचण रोजगाराची. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातील हजारो कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. मुकादमाकडून आधीच पैसे घेतलेले असतात. त्याला 'उचल' म्हणतात. ती फिटेपर्यंत काम सोडता येत नाही. नवरा-बायकोच्या जोडीला तिथे 'एक कोयता' म्हणतात. मुले आईवडिलांबरोबर गेली तर शाळा सुटते. मुलीला मागे ठेवायची भीती वाटते म्हणून काही घरांत तिचे लग्नच लवकर लावून टाकतात.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील अनेक गावे उद्ध्वस्त झाली. दगडमातीच्या जाड भिंतींखाली झोपेतच हजारो माणसे गेली.

हे सर्व वाचून तुम्ही म्हणाल, "मग अशा मुलखात राहायचे कशाला?" माझी पुण्यातील भावंडेही ईदला आली की हेच विचारतात. "आपा, तिथं काय ठेवलंय? इकडे या ना!" मी हसते. तिथे काय ठेवले आहे, ते आता तुम्हांलाच सांगते.

सर्वांत आधी भाषा. आमच्या मोहल्ल्यात जी दकनी बोलतात, तिच्यात मराठी अगदी साखरेसारखी विरघळली आहे. आमची दादी 'नक्को' म्हणत असे. हा 'नक्को' म्हणजे मराठीतील 'नको'च! 'वैसाच', 'अभीच' यांतील 'च'सुद्धा मराठीचा. उलट, माझ्या शेजारचे शेतकरी खरीप आणि रब्बी पिकांविषयी बोलतात. हे दोन्ही शब्द अरबीतून आले. जमीन, कागद, शहर, अर्ज हे शब्द आपण मराठीतही वापरतो आणि उर्दूतही. या पाठाच्या नावातील 'मुलूख' हा शब्दही तसाच. वर्गात मराठीचे पुस्तक उघडले की तुम्हांला भीती वाटते ना? पण निम्मी ओळख तर आधीच झालेली असते!

उर्दूचे थोर शायर वली हे औरंगाबादचे मानले जातात. १७०० साली ते दिल्लीला गेले. तेथील शायर तेव्हा मुख्यतः फारसीत लिहीत. वलींच्या गझला पाहून त्यांना आपल्या बोलीत लिहिण्याची हिंमत आली. वली दूर गेले, तरी लोक त्यांना 'वली दकनी' म्हणूनच ओळखतात. आपला मुलूख त्यांच्या नावातच राहिला. त्यांच्यानंतर सिराज औरंगाबादी झाले. गोदावरीच्या काठी पैठणला संत एकनाथ राहिले. गंगाखेडला संत जनाबाईंचा जन्म झाला. अजिंठा आणि वेरूळची लेणी पाहायला तर सगळे जग येते.

फळेही आमच्याकडची गोड. जालन्याची मोसंबी, बीडचे सीताफळ आणि मराठवाड्याचा केसर आंबा यांना भौगोलिक मानांकन मिळाले आहे. खडकाळ माळावर, डोंगरउतारावर सीताफळाचे झाड सहज वाढते. थोड्या पाण्यावर गोड फळ देण्याचे काम हे झाड मुकाट्याने करत असते.

पण मला सर्वांत जास्त अभिमान वाटतो तो एका जुन्या कामाचा. १७ व्या शतकाच्या सुरुवातीला मलिक अंबर निजामशाहीचे वजीर होते. ते मूळचे आफ्रिकेतील हबशी. गुलाम म्हणून विकले गेले आणि दख्खनमध्ये आले. १६१० साली त्यांनी खडकी हे शहर वसवले. हेच पुढे औरंगाबाद झाले. शहर वसवले खरे. पण तेथे पाणी कमी. तेव्हा मलिक अंबर यांनी डोंगराच्या पायथ्याचे झरे शोधले आणि जमिनीखालून नहर खोदून ते पाणी शहरात आणले. ना पंप, ना वीज. केवळ उताराच्या हिशेबाने पाणी घरोघरीच्या हौदांत येत असे. तिला 'नहर-ए-अंबरी' म्हणतात. नंतर शहरात आणखीही नहरी झाल्या. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याजवळची पाणचक्की अशाच एका नहरीच्या पाण्यावर फिरत असे. तिच्यावर दर्ग्यात येणाऱ्या वाटसरूंसाठी धान्य दळले जाई.

मुलांनो, येथे क्षणभर थांबा. मलिक अंबर यांचा जन्म या मुलखात झाला नव्हता. हा मुलूख कोरडा आहे, हे त्यांनाही दिसत होते. त्यांनी त्याची निंदा केली नाही, की खोटी स्तुतीही केली नाही. त्यांनी त्याच्यासाठी पाणी शोधले. मुलूख आपला कसा होतो, ते यावरून कळते.

आणि पुढे काय झाले? शहर वाढले. नहरींवर बांधकामे झाली. कुठे त्या फुटल्या, कुठे बुजल्या. पाऊस कमी पडतो हा निसर्गाचा भाग झाला. पण असलेली नहर बुजू देणे हा आपला निष्काळजीपणा आहे. दोन्ही गोष्टींना 'नशीब' म्हणून चालणार नाही. आपल्या गावाच्या उणिवा मोजताना हा फरक नेहमी करावा.

याचे चांगले उदाहरण जालना जिल्ह्यातील कडवंची या गावाचे आहे. तेथे पाऊस काही जास्त पडत नाही. पण १९९६ पासून गावकऱ्यांनी कृषी विज्ञान केंद्राच्या मदतीने पाणलोटाचे काम केले. बांध घातले, चर खणले, पावसाचे पाणी जागच्या जागी अडवले. पुढे शेतकऱ्यांनी शेकडो शेततळी केली. आज हे गाव द्राक्षांसाठी ओळखले जाते. आभाळ तेच, खडकही तोच. फरक पडला तो माणसांच्या कामामुळे.

आता माझ्या वर्गातील एक गोष्ट सांगते. मी मुलांना 'माझे गाव' हा निबंध लिहायला दिला. एका मुलीने लिहिले, "माझे गाव फार सुंदर आहे. गावात नदी आहे. नदीचे पाणी झुळझुळ वाहते." ते दिवस एप्रिलचे होते. नदीच्या पात्रात पोरे क्रिकेट खेळत होती! आणि ही मुलगी आठवड्यातून दोन दिवस पहिल्या तासाला गैरहजर असायची, कारण सकाळी मोहल्ल्यात टँकर येई आणि तिला हंडे घेऊन रांगेत उभे राहावे लागे.

मी तिला विचारले, "बेटी, तू टँकरविषयी का नाही लिहिलेस?"

ती म्हणाली, "मॅडम, गावाची बदनामी होईल ना!"

मी तिला म्हणाले, "अम्मी आजारी असली तर आपण डॉक्टरांना तिचे दुखणे सांगतो. त्यात अम्मीची बदनामी होते का?"

दुसऱ्या दिवशी तिने नवा निबंध आणला. त्यात टँकर होता, रांग होती, भांडणे होती. रांगेत शेजारची मावशी तिचा हंडा आधी भरू देते, हेही होते. त्या निबंधात मला तिचे गाव खरोखर दिसले. मग वर्गातील मुलांनी एक वही केली. टँकर कोणत्या वारी, किती वाजता येतो आणि त्या दिवशी किती मुली गैरहजर राहतात, हे त्यांनी महिनाभर लिहून ठेवले. शेवटी सर्वांनी मिळून मराठीत अर्ज लिहिला व कार्यालयात दिला. पहिल्या अर्जाला उत्तर आले नाही. दुसरा अर्ज दिल्यावर टँकरची वेळ बदलली. तो शाळा सुटल्यावर येऊ लागला. पाणी वाढले नाही, रांगही संपली नाही. पण पहिल्या तासाचे बाक भरले.

विद्यार्थी मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कितीतरी जण शिक्षणासाठी, नोकरीसाठी दूर जातील. जरूर जा. वलीसुद्धा दिल्लीला गेलेच होते. पण आपल्या गावाची लाज बाळगू नका आणि त्याची खोटी तारीफही करू नका. गावाचे गुण अभिमानाने सांगा, दोष धीराने सांगा. त्या दोषांतील एक तरी दोष कमी करायला हात लावा. मग पाहुणा काही बोलला तर रागावण्याची गरजच पडणार नाही. तुम्ही त्याला म्हणू शकाल, "हो, खरे आहे. आम्ही त्यावरच काम करत आहोत. या, बसा, सीताफळ खा!"

शब्दार्थ

मुलूख – प्रदेश, इलाका
उणीव – कमतरता, कमी
ओढ – आकर्षण, कशिश
आटणे – पाणी कमी होऊन संपणे
मुकादम – मजुरांच्या टोळीचा प्रमुख
उद्ध्वस्त – पूर्ण मोडून पडलेले, तबाह
माळ – उघडी, खडकाळ जमीन
वाटसरू – प्रवासी, मुसाफिर
निंदा – वाईट बोलणे, बुराई
निष्काळजीपणा – काळजी न घेणे, लापरवाही
चर – पाणी मुरण्यासाठी खणलेला लांब खड्डा
शेततळे – शेतात पाणी साठवण्यासाठी केलेले तळे

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) मराठवाड्यात किती जिल्हे आहेत?
(आ) लातूर शहराला २०१६ मध्ये पाणी कोठून आणले?
(इ) खडकी हे शहर कोणी वसवले?
(ई) कडवंची हे गाव कशासाठी ओळखले जाते?

प्र. २. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) मराठवाड्यात पाण्याची टंचाई का भासते?
(आ) ऊसतोडीमुळे मुलांच्या शिक्षणावर काय परिणाम होतो?
(इ) मुलीने पहिल्या निबंधात टँकरविषयी का लिहिले नाही?

प्र. ३. 'दोन्ही गोष्टींना नशीब म्हणून चालणार नाही.' या दोन गोष्टी कोणत्या? लेखिका असे का म्हणते?

प्र. ४. मराठीत आणि उर्दूत सारखेच असलेले दहा शब्द शोधून लिहा.

प्र. ५. आपल्या गावातील किंवा मोहल्ल्यातील एक अडचण निवडा. ती दूर करण्याची विनंती करणारा अर्ज मराठीत लिहा.