संघात निवड झाली, आता खर्च किती? पाटस परिसरातल्या पालकांसाठी

सरांनी संघात नाव घेतलं की पोरगं घरी येऊन आधी बूट मागतं. मागू द्या, पण लगेच दुकान गाठू नका. कोणता खेळ, कोणतं मैदान आणि सामने कुठवर जाणार, हे विचारल्याशिवाय खिशात हात घातला तर निम्मे पैसे वाया जातात.

कबड्डीचंच बघा. तालुका पातळीचे सामने बहुधा मातीवर होतात आणि मातीवर पोरं अनवाणीच खेळतात. बूट लागतात ते मॅटवर, म्हणजे संघ वर गेल्यावर. त्यामुळे जूनमध्ये मॅटचे बूट घेऊन ठेवण्यात अर्थ नाही. सामने सुरू होईस्तोवर पाय अर्धा नंबर वाढलेला असतो. खो-खोच्या पोरीला मात्र सरावापासूनच घट्ट बसणारा, पातळ तळव्याचा कॅनव्हास बूट हवा, कारण खांबाला वळसा घेताना पाय मुरगळतो तो सैल बुटानेच. दौंड किंवा बारामतीच्या बाजारात असा साधा बूट साधारण 500 ते 800 रुपयांत मिळतो. धावणाऱ्याला खिळ्यांचे स्पाइक्स जिल्ह्याला निवड होईपर्यंत नकोत. ते 1,200च्या खाली बरे मिळत नाहीत, आणि मिळाले तर महिन्यात खिळे गळतात.

गुडघ्याच्या कॅप्सची जोडी 150 ते 300. नाव-नंबर छापलेला टी-शर्ट आणि चड्डी 300 ते 450, बारा जणांची ऑर्डर एकदम दिली तर. एकेकट्याने छापून घेतलं की हाच आकडा दीडपट होतो. हे सगळे भाव ठोकळ आहेत, हंगामात आणि घासाघिशीत खाली-वर होतात. तरी तालुक्यापर्यंत खेळणाऱ्या मुलाचा पहिल्या वर्षाचा खर्च बूट, कॅप्स, ड्रेस आणि दौंडला एक-दोनदा जाणं-येणं धरून 1,000 ते 1,600च्या घरात बसतो. दुसऱ्या वर्षी त्याच्या निम्म्याहून कमी.

क्रिकेटचं गणित यात धरलेलं नाही. पॅड, ग्लोव्हज, हेल्मेट, काश्मीर विलोची बॅट असा सगळा संच घेतला तर आठ-दहा हजार सहज जातात. शाळेकडे सामायिक किट असेल तरच पोराला लेदर बॉलच्या संघात घाला. नसेल तर टेनिस बॉलवर खेळू द्या, त्यात कमीपणा नाही.

आता शाळा यातलं काय देते? इथे एक गोष्ट पालकांच्या लक्षात येत नाही. आपण ज्याला सरसकट ‘सरकारी हायस्कूल’ म्हणतो ती आपल्याकडे बहुतेक वेळा एखाद्या शिक्षण संस्थेची अनुदानित शाळा असते. जिल्हा परिषदेची शाळा प्राथमिकपुरती, बहुतेक गावांत सातवीपर्यंत. समग्र शिक्षा अभियानातून खेळाच्या साहित्यासाठी वर्षाला प्राथमिकला 5,000, उच्च प्राथमिकला 10,000 आणि माध्यमिक-उच्च माध्यमिकला 25,000 रुपयांची तरतूद आहे, पण ती सरकारी शाळांसाठी. संस्थेच्या शाळेत पगार सरकार देतं, चेंडू देत नाही. तिथे खेळाचा पैसा येतो तो सत्र शुल्कातून, संस्थेच्या मर्जीतून आणि पुष्कळदा क्रीडाशिक्षकाच्या स्वतःच्या खिशातून. सत्र शुल्क खेळ, वाचनालय, संमेलन अशा सहशालेय कामांसाठीच असतं. त्यातलं खेळाला किती गेलं, हे शिक्षक-पालक संघाच्या सभेत विचारायला लाजू नका. वेगळी ‘क्रीडा वर्गणी’ मागितली तर पावती मागा. पावती द्यायला शाळा कांकू करत असेल, तर पैसे मुख्याध्यापकांच्याच हातात, लेखी नोंदीसह द्या.

खरा पैसा खातो तो प्रवास. शालेय स्पर्धा राज्याचं क्रीडा व युवक सेवा संचालनालय घेतं, 14, 17 आणि 19 वर्षांखालील अशा तीन वयोगटांत. पायऱ्या पाच : तालुका, जिल्हा, विभाग, राज्य, राष्ट्रीय. पुणे शहर आणि पिंपरी-चिंचवड यांचे संघ वेगळे धरले जातात. आपला संघ ग्रामीणमध्ये येतो, म्हणजे दौंड जिंकलं की पुढे गाठ बारामती, शिरूर, इंदापूर, जुन्नर अशा तालुक्यांच्या विजेत्यांशी. विभागात पुण्याबरोबर अहिल्यानगर आणि सोलापूर हे जिल्हे. राष्ट्रीय स्पर्धेला निवड झाली की महाराष्ट्राच्या संघाचा प्रवास आणि पोशाख संचालनालय बघतं. अवघड असतो तो मधला टप्पा, जिल्हा ते राज्य. तिथे पदरचं घालावं लागतं आणि नेमकी तिथेच गरिबाची पोरं गळतात.

दौंडला जायला रेल्वे सगळ्यांत स्वस्त. पाटस स्टेशनवरून पॅसेंजरचं किमान तिकीट 10 रुपये. अडचण एवढीच की गाडीची वेळ आणि सामन्याची वेळ जुळत नाही आणि स्टेशनही गावठाणापासून हाकेच्या अंतरावर नाही. एसटीने जाणार असाल तर मुलींच्या पालकांनी दोन सवलतींची गल्लत करू नये. ग्रामीण भागातल्या पाचवी ते बारावीच्या मुलींना एसटीचा अहिल्याबाई होळकर पास मोफत मिळतो, पण तो घर ते शाळा एवढ्याच मार्गाचा. सामन्याच्या दिवशी तो दाखवून दौंड किंवा बारामती गाठता येत नाही. तिथे उपयोगी पडते मार्च 2023पासून सगळ्या महिलांना लागू असलेली निम्म्या तिकिटाची सवलत. सोबत आलेल्या मॅडमनाही तीच. बारा वर्षांवरच्या मुलग्यांना पूर्ण तिकीट, त्यामुळे मुलींचा संघ न्यायला मुलांच्या निम्म्या पैशांत काम होतं. तरी मुलींचेच संघ कमी निघतात.

जिल्ह्याचे सामने बारामतीला असले तर एसटीवर भागतं. बालेवाडीला असले तर नाही. शिवछत्रपती क्रीडा संकुल पुण्याच्या पलीकडच्या टोकाला आहे आणि सकाळी आठला हजेरी म्हटलं की पाटसहून पहाटे पाचला निघावं लागतं. मग क्रुझर ठरवायची. जाऊन-येऊन पावणेदोनशे किलोमीटर, किलोमीटरला 18 ते 20 रुपये धरले तर गाडीचे 3,200 ते 3,500. बारा खेळाडूंत वाटले तर डोई 300च्या आत. भाडं ठरवताना टोल आणि चालकाचं जेवण आत आहे का, हे आधीच विचारून घ्या, संध्याकाळी वाद नको. पोरं कोंबून दुसरी गाडी वाचवण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. सोलापूर रस्त्यावर तो करू नका. विभागाला सोलापूर किंवा अहिल्यानगरला मुक्काम पडला तर 800 ते 1,200 रुपये जवळ असावेत.

आणि एक खर्च कुणाच्या वहीत लिहिला जात नाही. मुलीबरोबर आई जाते, तेव्हा तिचा खाडा पडतो. खुरपणीची तीनशे-साडेतीनशेची मजुरी बुडते, शिवाय चहा-नाश्ता. दोन दिवसांचे सामने म्हणजे घराला सात-आठशेचा फटका, जवळजवळ बुटांएवढाच. म्हणून संघाबरोबर शिक्षिका जाणार आहेत का, हा पहिला प्रश्न असावा. त्या जाणार असतील तर प्रत्येक आईने जायची गरज नाही. दोघींनी जावं, बाकीच्यांनी त्यांच्या खाड्याचे पैसे वाटून द्यावेत. हे काही गावांत आपसूक होतं, काही गावांत कुणी बोलतच नाही. अंधार पडायच्या आत परत येणं जमणार नसेल, तर तेही आदल्या दिवशी ठरवा. नववीनंतर पोरी मैदान सोडतात त्यामागे पैशापेक्षा हा अंधार जास्त असतो.

खाण्यावर वेगळा खर्च करू नका. दौंड तालुका गुऱ्हाळांचा, गुळाला तोटा नाही. शेंगदाणे, गूळ, केळी, अंडी, ज्वारीची भाकरी यावर शाळकरी खेळाडू उत्तम उभा राहतो. जिमवाल्या दादाने सांगितलेला दोन-अडीच हजारांचा प्रोटीनचा डबा सोळा वर्षांच्या पोराला लागत नाही. त्या पैशांत वर्षभराची केळी येतात.

मैदान ज्यांना नको, त्यांच्यासाठी शाळेत बाकीची पथकं असतात आणि त्यांतली काही खर्च करण्याऐवजी पैसे देतात. एनसीसी असेल तर आठवीला नाव घाला. दोन वर्षांचं प्रशिक्षण, शेवटी ‘ए’ प्रमाणपत्राची परीक्षा. शिबिराचं राहणं-जेवण सरकारी. गणवेशाचे पैसे मुलाच्या खात्यावर येतात, म्हणून आधार जोडलेलं बँक खातं आधीच उघडून ठेवा. खातं नसल्यामुळे पैसे अडकतात आणि मग पालकच पदरमोड करतात. जागा मात्र मोजक्या, उंची-धावणं बघून निवड होते. स्काउट-गाइडला जागेची अडचण नसते, पण गणवेश, स्कार्फ, पट्टा, टोपी मिळून 700 ते 1,000 रुपये घरचे. वरच्या वर्गातल्या मुलाचा जुना गणवेश मिळाला तर जरूर घ्या, स्काउटचा शर्ट क्वचितच फाटेपर्यंत वापरला जातो. विज्ञान मंडळातल्या मुलाची कल्पना केंद्र सरकारच्या इन्स्पायर-मानक योजनेत निवडली गेली, तर प्रतिकृती बनवायला 10,000 रुपये थेट त्याच्या खात्यावर येतात. नामांकन शाळेनेच ऑनलाइन करायचं असतं. विज्ञानाच्या सरांना जुलैतच आठवण करा. चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला कागद-रंगांचे तीन-चारशे लागतात, पण ‘ए’ श्रेणीला दहावीत 7, ‘बी’ला 5, ‘सी’ला 3 वाढीव गुण मिळतात. एवढ्या कमी पैशांत गुण देणारं दुसरं काही शाळेत नाही.

खेळाचेही गुण असतात. कामगिरीच्या पातळीनुसार दहावी-बारावीला जास्तीत जास्त 25. त्यासाठी प्रमाणपत्र जपणं आणि शाळेमार्फत प्रस्ताव मुदतीत जाणं, एवढंच पालकाच्या हातात. जन्मदाखला, शाळेचं रजिस्टर आणि आधार या तिन्हींवर एकच जन्मतारीख आहे का, हे मात्र आजच बघा. तारीख जुळली नाही म्हणून उत्तम खेळाडू बाहेर बसलेले दरवर्षी दिसतात, आणि दुरुस्तीला चकरा माराव्या लागतात त्या स्पर्धा संपल्यानंतर.

याच गुणांच्या आणि सरकारी नोकरीतल्या खेळाडूंच्या 5 टक्के आरक्षणाच्या आशेवर एक धंदा उभा आहे. त्याबद्दल जरा सविस्तर, कारण पैसा बुडतो तो इथे. दौंडला राज्य राखीव पोलीस दलाचे दोन गट आहेत, त्यामुळे या भागात पोरांना वर्दीचं वेड लहानपणापासून. त्यांना कुणीतरी गाठतं : गोव्याला ‘नॅशनल’ आहे, चार-पाच हजार भरा, मेडल नक्की. तिथे एका गटात तीनच स्पर्धक असतात, तिघांनाही पदक. घरी मिरवणूक निघते, गावात फ्लेक्स लागतो. पुढे भरतीच्या वेळी क्रीडा कार्यालयात पडताळणीला कागद गेला की कळतं, ती संघटनाच मान्यतेत नाही. बोगस क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणं राज्यात गाजली, नोकऱ्या गेल्या, गुन्हे दाखल झाले. म्हणून पैसे भरण्याआधी तीन गोष्टी विचारा. हा खेळ शालेय स्पर्धांच्या यादीत आहे का? ही स्पर्धा जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालय घेतंय की मान्यताप्राप्त राज्य संघटना? निवड चाचणी कधी आणि कुठे झाली? तिसऱ्याचं उत्तर ‘चाचणी नाही, थेट प्रवेश’ असं आलं, तर ते पैसे सहलीचे समजून भरायचे असतील तर भरा.

घरची ओढाताण असेल तर सांगायला संकोच करू नका. गावातली पतसंस्था, तरुण मंडळ, साखर कारखान्यात नोकरीला असलेले माजी विद्यार्थी बारा टी-शर्टांचे चार-पाच हजार आनंदाने देतात. पाठीवर त्यांचं नाव छापायलाही हरकत नाही. फक्त नेत्याचा हसरा फोटो छातीवर नको. निवडणुका येतात-जातात, टी-शर्ट दोन वर्षं वापरायचा असतो.

राहिला दुखापतीचा खर्च. मनगट मोडलं, लिगामेंट तुटलं तर पुण्याच्या दवाखान्याचं बिल लाखाकडे जातं. राजीव गांधी विद्यार्थी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत पहिली ते बारावीच्या विद्यार्थ्याला संरक्षण आहे, हप्ता एक रुपयाही नाही. 2022च्या सुधारणेनुसार अपघाती मृत्यूला दीड लाख, आणि खेळताना झालेल्या दुखापतीवर शस्त्रक्रिया करावी लागली तर प्रत्यक्ष खर्च, जास्तीत जास्त 1 लाख रुपये. प्रस्ताव मुख्याध्यापकांमार्फत शिक्षणाधिकारी कार्यालयाकडे जातो. दवाखान्याची मूळ बिलं, डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे, शस्त्रक्रिया केल्याचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र आणि त्या दिवशी मूल शाळेच्या संघाबरोबर होतं हे दाखवणारं शाळेचं पत्र एवढं जमवा. मूळ कागद देण्याआधी सगळ्यांच्या झेरॉक्स काढा, आणि अर्जाच्या प्रतीवर शाळेचा शिक्का व तारीख घेतल्याशिवाय कार्यालयातून उठू नका.